बुडीत जहाजें आणि बुडीत खातें

नागभीडहून कोणत्याहि दिशेनें निघालें तरी समुद्र गांठावयास शेंकडों मैल तोडावे लागतात. भाताच्या बांध्या, गांवोगांवचे मामा तलाव, घोडाझरीचें पाणी आणि त्यापलीकडे सागाचें व बांबूचें रान, हाच ज्या मुलुखाचा नित्याचा देखावा, तेथें खोल समुद्राच्या तळाशीं पडलेल्या जहाजांची चर्चा कशाला, असें श्रोत्यांपैकीं कोणासहि वाटेल. त्याचें उत्तर एवढेंच कीं, समुद्र दूर असला तरी शेअरबाजार आतां दूर राहिलेला नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार भारतांतील रहिवाशास एका आर्थिक वर्षांत अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशीं पाठवितां येते. आणि अमेरिकेंतील एखाद्या कंपनीचा भाग घ्यावयाचा तर नागभीडच्या ओटीवर बसून मोबाइलवरून तो घेतां येतो. अशा रीतीनें विकत मिळणाऱ्या भागांमध्यें एक जात मोठी चमत्कारिक आहे. ती म्हणजे बुडालेल्या जहाजांतील सोनेंचांदी वर काढूं पाहणाऱ्या कंपन्यांची. जहाज अमुक ठिकाणीं बुडालें, त्यांत अमुक टन चांदी होती, आणि ती काढण्याचीं यंत्रें आमच्यापाशीं आहेत, ही त्यांची त्रिसूत्री ऐकतांच निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या मनांतहि हिशेब सुरू होतो. हा हिशेब कोठें चुकतो तें पाहण्यासारखें आहे. त्यासाठीं परक्या मुलुखांतील उदाहरणांकडे धांव घेण्याचें कारण नाहीं. मुंबईचें बंदरच त्याची साक्ष देतें.

'सिटी ऑफ कैरो' हें एलरमन कंपनीचें जहाज २ ऑक्टोबर १९४२ रोजीं मुंबईहून इंग्लंडकडे निघालें. त्याच्या पोटांत सुमारें दोन हजार पेट्यांमध्यें शंभर टन चांदीचीं नाणीं होतीं. आफ्रिकेला वळसा घालून तें दक्षिण अटलांटिकमध्यें शिरलें, आणि ६ नोव्हेंबरच्या रात्रीं सेंट हेलिना बेटाच्या दक्षिणेस एका जर्मन पाणबुडीनें त्याला बुडविलें. त्यानंतर दोनच आठवड्यांनीं, २० नोव्हेंबर रोजीं, ब्रिटिश इंडिया कंपनीचें 'तिलावा' मुंबईहून मोंबासा व दरबान या बंदरांकडे निघालें. या जहाजावर साडेनऊशेंवर माणसें होतीं. त्यांत आफ्रिकेंत व्यापारउदीम करणाऱ्या हिंदी कुटुंबांतील बायकामुलेंहि होतीं. तळघरांत चांदीच्या २,३६४ विटा होत्या. त्या दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठीं चालल्या होत्या. २३ तारखेच्या रात्रीं आय-२९ या जपानी पाणबुडीनें तिलावावर पाणतीर सोडला. जहाज लगेच बुडालें नाहीं, म्हणून उतारूंपैकीं कांहीं पुन्हां त्यावर चढूं लागले. तोंच दुसरा पाणतीर आला. २८० माणसें गेलीं. वांचलेल्यांपैकीं बहुतेकांना 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेनें उचलून २७ तारखेस मुंबईस परत आणलें. पुढें पांच महिन्यांनीं सुभाषचंद्र बोस यांना मादागास्करच्या बाजूस जर्मन पाणबुडीवरून उतरवून घेऊन पूर्वेकडे जी पाणबुडी घेऊन गेली ती हीच आय-२९. एकाच लोखंडी नळकांड्याच्या वांट्याला इतिहासानें इतकीं भिन्न कामें दिलीं, हें वाचून मन क्षणभर थबकतें.

तिसरें जहाज मुंबईचें नव्हे, परंतु त्याचें नांव महाराष्ट्राच्या परिचयाचें आहे. गिरसप्प्याच्या धबधब्यावरून ज्याला 'गैरसोप्पा' हें नांव ठेवलें होतें तें जहाज डिसेंबर १९४० मध्यें चहा, बिडाचें लोखंड आणि चांदी घेऊन कलकत्त्याहून निघालें, आणि १७ फेब्रुवारी १९४१ रोजीं आयर्लंडच्या नैर्ऋत्येस जर्मन पाणतिराला बळी पडलें. त्यावरील पाऊणशेंहून अधिक माणसांपैकीं एकच अधिकारी जिवंत किनाऱ्यास लागला.

या तिन्ही जहाजांतील चांदी सत्तर वर्षांनीं वर आली, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. ही केवळ गप्प नव्हे. कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच. तशीं तीन शिखरें एकावर एक ठेवलीं तरी 'सिटी ऑफ कैरो' ज्या तळावर निजलें आहे तेथून समुद्राचा पृष्ठभाग गांठतां यावयाचा नाहीं. कारण तेथें पाणी ५,१५० मीटर आहे. गैरसोप्पा सुमारें ४,७०० मीटरांवर आणि तिलावा सुमारें अडीच हजार मीटरांवर. इतक्या खोलीवर पाणबुड्या माणसाचें कांहीं चालत नाहीं. प्रथम ध्वनिलहरींच्या साहाय्यानें तळ चाळावयाचा, लोखंडाचा ढीग दिसला कीं कॅमेरा सोडून तो हवा तोच आहे काय याची खात्री करावयाची, मग मैलोगणती लांबीच्या दोराला बांधलेलें यंत्र उतरवून त्याच्या पोलादी हातांनीं जहाजाचे पत्रे कापावयाचे, आणि विटा पाळण्यांत भरून वर ओढावयाच्या. वरचें जहाज वाऱ्यालाटांत एका जागीं स्थिर राहिलें पाहिजे, आणि त्याचें भाडें दर दिवसाला लाखों रुपयांच्या घरांत जातें. वारा सुटला तर काम बंद, भाडें मात्र चालू. इतकें असूनहि 'डीप ओशन सर्च' या कंपनीनें २०११ ते २०१३ च्या दरम्यान कैरोवरील रुपये वर काढले. इंग्लंडच्या सरकारची मालमत्ता असलेलें हें नाणें वितळवून विकण्यांत आलें, आणि २०१५ पर्यंत ही वार्ता जगास कळूंहि दिली नव्हती. यंत्रविद्येचा हा पराक्रम थोर आहे. गुंतवणूक करणाराची फसगत होते ती बहुधा यंत्रांमुळें नव्हे. माल वर आल्यानंतर जें घडतें त्यामुळें होते.

तिलावाचेंच पहा. 'अर्जेंटम एक्सप्लोरेशन' या इंग्लिश कंपनीनें २०१७ मध्यें तिलावावरील त्या २,३६४ विटा वर काढल्या आणि साउथॅम्प्टन बंदरांत नेऊन सरकारी अधिकाऱ्यापाशीं त्यांची रीतसर नोंद केली. किंमत सुमारें ४ कोटी ३० लाख डॉलर. बुडीत माल सोडविणाराचा हक्क जगांतील बहुतेक दर्यावर्दी राष्ट्रांत जुन्या काळापासून मान्य आहे. पण तो हक्क मालकीचा नव्हे, बक्षिसाचा आहे. माल मूळ मालकाचाच राहतो, आणि सोडविणारास श्रम, धोका व मालाची किंमत पाहून मोबदला ठरवून देतात. काम साधलें नाहीं तर दामहि नाहीं. आतां या चांदीचा मालक कोण, तर दक्षिण आफ्रिकेचें सरकार. त्यानें ही चांदी काढावयास या कंपनीस सांगितलेलें नव्हतें. कंपनीनें मोबदल्याचा दावा लावला तेव्हां त्या सरकारनें उत्तर दिलें कीं, परराष्ट्राच्या मालमत्तेवर इंग्लंडच्या न्यायालयांत असा दावा चालूं शकत नाहीं.

वाद सगळा एका शब्दप्रयोगाभोंवतीं फिरला. इंग्लंडच्या १९७८ च्या कायद्याप्रमाणें जहाज आणि माल व्यापारी उपयोगांत असतील तर परराष्ट्राला हें संरक्षण मिळत नाहीं. तळघरांत नुसती रचून ठेवलेली चांदी व्यापारी उपयोगांत होती काय? भाडें देऊन व्यापारी जहाजांतून चालली होती म्हणजे होतीच, असें कंपनीचें म्हणणें. तें २०२० मध्यें उच्च न्यायालयानें मानलें, २०२२ मध्यें अपील न्यायालयानेंहि बहुमतानें मानलें. मात्र ८ मे २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें उलट निर्णय दिला. माल जहाजांत पडून होता, त्याचा कोणताच उपयोग चाललेला नव्हता, मग व्यापारी उपयोग कसला, हें त्यांचें तर्कशास्त्र. निकाल बाहेर पडण्याच्या आधींच उभय पक्षांनीं आपसांत तडजोड केली होती, पण तिच्या अटी प्रसिद्ध झालेल्या नाहींत. अर्थ असा कीं, जहाज सांपडलें, चांदी मिळाली, एकहि वीट हरवली नाहीं, दोन न्यायालयांत विजय मिळाला, आणि इतकें होऊन सात वर्षांनीं दाव्याचा पायाच निखळला.

चांदा जिल्ह्यांतील ढिवरास हा कायदा कोणी शिकवावा लागत नाहीं. तलावाचा ठेका कोणत्या संस्थेचा आहे हें ठाऊक करून घेतल्याखेरीज तो जाळें टाकीत नाहीं. कारण मासळी पकडण्याचें कसब त्याचें असलें तरी मासळी त्याची ठरते ती ठेक्यानें. समुद्रांत कोट्यवधी रुपयांचें जाळें टाकणाऱ्या कंपनीच्या कागदपत्रांत हाच प्रश्न पुष्कळदां शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आढळतो.

अमेरिकेंतील 'ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन' या कंपनीला हा धडा फार महाग पडला. तिनें २००७ मध्यें अटलांटिकच्या तळाहून सुमारें ५ लाख ९४ हजार नाणीं काढलीं आणि विमानानें अमेरिकेस नेलीं. तीं १८०४ मध्यें बुडालेल्या 'मेर्सेदेस' या स्पॅनिश युद्धनौकेवरील ठरलीं. स्पेननें दावा जिंकला आणि फेब्रुवारी २०१२ मध्यें सतरा टन नाणीं लष्करी विमानांतून परत नेलीं. कंपनीला कवडीहि मिळाली नाहीं. उलट पुढें स्पेनच्या वकिलांच्या खर्चापायीं दहा लाख डॉलर भरण्याचा हुकूम झाला.

गैरसोप्प्याच्या वेळीं याच कंपनीनें शहाणपण दाखविलें. २०१० मध्यें तिनें प्रथम इंग्लंडच्या सरकारशीं करार केला: शोधाचा व उपशाचा धोका कंपनीनें पत्करावा, चांदी विकून आलेल्या रकमेंतून खर्च वळता करून घ्यावा, आणि उरलेल्या रकमेचे ८० टक्के कंपनीला व २० टक्के सरकारला. २०११ मध्यें जहाज सांपडलें. २०१२ मध्यें १,२१८ विटा आणि २०१३ मध्यें १,५७४ विटा, मिळून सुमारें ११० टन चांदी वर आली. विमा उतरलेल्या चांदीपैकीं जवळजवळ सर्व मिळाली. मालकीचा वाद नाहीं, माल पुरा हातीं आला. याहून अधिक यश अशा धंद्यांत कोणी कल्पूं शकणार नाहीं.

आणि तरीहि ज्या दोन वर्षांत ही चांदी वर आली त्या दोन्ही वर्षांच्या अखेरीस कंपनीच्या ताळेबंदांत तोटाच होता. याचीं कारणें नीट समजून घेण्याजोगीं आहेत. पहिलें कारण बाजारभावाचें. २०११ च्या एप्रिलमध्यें चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास भिडला होता. दुसऱ्या हप्त्याच्या विटा २०१३ च्या उन्हाळ्यांत निघाल्या तेव्हां तो २० डॉलरच्या आसपास घसरला होता. समुद्रानें चांदी सत्तर वर्षें जशीच्या तशी संभाळली, बाजारानें ती दोन वर्षें संभाळली नाहीं. दुसरें कारण असें कीं, गैरसोप्पा सांपडण्यापूर्वीं कितीएक वर्षें कंपनीचीं जहाजें भाड्यानें फिरत होतीं, माणसें पगार घेत होतीं, वकील लढत होते. एक मोहीम साधली म्हणजे तिनें केवळ आपला खर्च भागवून चालत नाहीं. न साधलेल्या दहा मोहिमांचा भार तिच्याच डोक्यावर येतो. तिसरें कारण भागीदारांनीं सर्वांत अधिक ध्यानांत घ्यावें असें आहे. मिळकत नाहीं आणि खर्च थांबत नाहीं अशा कंपनीपाशीं पैसा उभारण्याचे दोनच मार्ग असतात: पुढें मिळणाऱ्या मालावर कर्ज काढावयाचें, अथवा नवे भाग विकावयाचे. कर्ज देणारा आपला वांटा आधींच लिहून घेतो. नवे भाग निघाले कीं जुन्या भागाचा वांटा आक्रसतो. पंचपक्वान्नांचें ताट आलें तरी पंगतींत बसणारे तिप्पट झालेले असतात, आणि पंगतीचें पहिलें पान ज्यानें मांडलें त्यालाच वाढप शेवटीं पोंचतें.

२०१६ च्या फेब्रुवारींत या कंपनीनें आपले दर बारा भाग मोडून त्यांचा एक भाग केला. ज्या कुटुंबापाशीं बाराशें भाग होते त्याच्या खात्यांत दुसऱ्या दिवशीं शंभर दिसूं लागले. कागदोपत्रीं यानें नुकसान होत नाहीं, कारण एका भागाची किंमत तितकीच वाढते. पण भाव फार खालीं गेल्याखेरीज कोणतीहि कंपनी हा उपाय सहसा योजीत नाहीं. पुढें कंपनीनें बुडीत जहाजांवरून आपलें लक्ष समुद्रतळाच्या खनिजांकडे वळविलें. तेथेंहि मेक्सिकोच्या सरकारशीं परवान्यावरून तंटा झाला, आणि लवादानें २०२४ मध्यें ३ कोटी ७० लाख डॉलरची भरपाई कंपनीस देवविली. समुद्राशीं झगडण्यासाठीं निघालेल्या कंपनीचा बराच काळ न्यायासनांपुढें गेला असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथवर जीं उदाहरणें दिलीं त्यांत निदान कंपनी आणि भागीदार एका बाजूस होते. तसें नेहमींच असतें असें नाहीं. १८५७ मध्यें कॅलिफोर्नियाचें सोनें घेऊन येतांना वादळांत बुडालेलें 'सेंट्रल अमेरिका' हें जहाज टॉमी थॉम्प्सन नांवाच्या हुशार यंत्रशास्त्रज्ञानें १९८८ मध्यें शोधून काढलें. त्याच्या योजनेंत १६१ जणांनीं मिळून १ कोटी २७ लाख डॉलर घातले होते. सोनें निघालें. लगेच एकोणचाळीस विमा कंपन्या दाव्यास उभ्या राहिल्या, कारण १८५७ मध्यें नुकसानभरपाई आपण दिली होती असें त्यांचें म्हणणें. तोहि दावा बव्हंशीं निभावला. सोनें २००० च्या सुमारास सुमारें पांच कोटी डॉलरांस विकलें गेलें. परंतु पैसे घालणारांच्या हातीं कांहीं येईना, तेव्हां त्यांनींच २००५ मध्यें थॉम्प्सनवर फिर्याद केली. २०१२ मध्यें तो न्यायालयांत हजर होईनासा होऊन परागंदा झाला, २०१५ च्या जानेवारींत फ्लॉरिडांत पकडला गेला, आणि पांचशें सोन्याचीं नाणीं कोठें आहेत हें सांगत नाहीं म्हणून कित्येक वर्षें तुरुंगांत राहिला. सोनें मिळणें आणि सोनें वांटलें जाणें या दोहोंमध्यें अंतर किती, याचा हा नमुना.

मग लोक अशा कंपन्यांकडे वळतात तरी कां? कारण एखादेवेळीं खरोखरच घबाड लागतें, आणि त्याची आठवण शतकानुशतकें पुसत नाहीं. विल्यम फिप्स या जहाजाच्या कप्तानानें १६८७ मध्यें वेस्ट इंडीजजवळ बुडालेल्या एका स्पॅनिश जहाजांतून दोन लाख पौंडांच्या आसपास संपत्ति काढून इंग्लंडांत आणली. ज्यांनीं त्याच्या मोहिमेंत पैसा घातला होता त्यांना कित्येक पटींनीं परतावा मिळाला. त्याबरोबर लंडनमध्यें बुडीत संपत्ति काढणाऱ्या कंपन्यांचें पेवच फुटलें. त्यांपैकीं एकीचे भाग डॅनियल डेफोनें घेतले होते, आणि ते पैसे बुडाले. १६९२ मध्यें डेफोचें दिवाळें वाजलें त्याला इतरहि कारणें होतीं, पण हेंहि एक होतें. बुडालेल्या जहाजांतील चीजवस्तु किनाऱ्यास आणून सुखानें राहणारा रॉबिन्सन क्रूसो त्यानें पुढें १७१९ मध्यें निर्माण केला. मुंबईकरांनाहि असें उधाण अपरिचित नाहीं. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हां १८६४ च्या सुमारास समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर मुंबई वेडी झाली होती. १८६५ मध्यें तो फुगा फुटला आणि जुनी बँक ऑफ बॉम्बेहि त्यानंतर टिकली नाहीं. तेव्हांहि समुद्रांतून जमीन निघाली नाहीं असें नाहीं. निघाली, पण ज्यांनीं चढ्या भावानें भाग घेतले त्यांच्यासाठीं नव्हे.

मुंबईचेंच आणखी एक उदाहरण तुलनेसाठीं घ्यावें. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. त्यांत रिझर्व्ह बँकेसाठीं आणलेल्या सोन्याच्या १२४ विटा होत्या. एक वीट सुमारें मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घराचें छप्पर फोडून आंत पडली, आणि त्यानें ती प्रामाणिकपणें परत केली. बाकीच्या गोदीच्या चिखलांत गेल्या, व गाळ उपसतांना पुढें कितीएक वर्षें एक-एक सांपडत राहिल्या. येथें पाणी उथळ, जागा ठाऊक, मालक ठाऊक, आणि गाळ उपसण्याचा खर्च बंदर चालू ठेवण्यासाठीं करावाच लागे. सोनें हा त्या कामाचा वरकड लाभ होता. कोणाहि गृहस्थाला त्यासाठीं भाग विकण्यांत आले नाहींत, म्हणून कोणी बुडालेंहि नाहीं.

तेव्हां अशा कंपनीचें आवतण घरीं येईल तेव्हां जहाजांत चांदी किती होती हा प्रश्न मागें ठेवावा. मालक कोण, आणि त्याचा लेखी करार झाला आहे काय, हें आधीं विचारावें. युद्धनौका अथवा सरकारी माल असेल तर या प्रश्नाचें वजन दुप्पट. त्यानंतर कंपनीचे मागील पांच-सहा वर्षांचे ताळेबंद मागवून दर वर्षीं भागांची एकूण संख्या किती होत गेली तेवढाच एक आंकडा पाहिला तरी पुष्कळ उमगतें. हें करूनहि ज्याला हौस आहे त्यानें ती अवश्य पुरवावी, पण मुलीचें शिक्षण, घराची डागडुजी आणि म्हातारपणचें औषधपाणी या तीन पेट्यांना हात न लावतां, लॉटरीचें तिकीट घ्यावें तितक्याच रकमेंत.

जातां जातां एक गोष्ट सांगितली पाहिजे. गैरसोप्प्याच्या तळघरांतून चांदीबरोबर टपालाच्या थैल्याहि निघाल्या. हिंदुस्थानांतून इंग्लंडमधील आप्तांस लिहिलेलीं सातशेंच्या आसपास पत्रें काळोख, थंडी आणि गाळ यांमुळें सत्तर वर्षें वाचण्याजोगीं राहिलीं होतीं. २०१८ मध्यें त्यांपैकीं कांहीं लंडनच्या टपाल संग्रहालयांत मांडण्यांत आलीं. अशा वस्तूंच्या रक्षणासाठींच युनेस्कोनें २००१ मध्यें केलेला करार २००९ पासून अमलांत आहे. शंभर वर्षें पाण्याखालीं राहिलेल्या अवशेषांचा व्यापार करूं नये असें तो सांगतो, आणि ज्या राष्ट्रांनीं तो स्वीकारला त्यांना तो बंधनकारक आहे. इंग्लंडनें तो अद्याप स्वीकारलेला नाहीं. कैरो आणि तिलावा यांच्यासारख्या १९४२ मध्यें बुडालेल्या जहाजांचीं शंभर वर्षें २०४२ मध्यें भरतील. ती मुदत भरण्यापूर्वीं घाई करणाऱ्या कंपन्या निघतील आणि त्यांचीं माहितीपत्रकें मोबाइलवरून नागभीडपर्यंत येतील, असा संभव पुष्कळ आहे.